बाई घरीच असतात

‘त्या काय, घरीच असतात,’ हे वाक्य मी पनवेलमध्ये इतक्या तोंडून ऐकलं आहे, की आज इतक्या वर्षांनीही कोणी सहज बोलून गेलं तरी माझं डोकं फिरतं. आमच्याच आळीत एक शिंपी ओटीवर मशीन टाकून बसायचा. एक वैद्य स्वतःच्या माजघरात नाडी बघायचे. एक गुरुजी घरच्या घरी पत्रिका मांडायचे. पण शिंपी दुकानात असायचा, वैद्य दवाखान्यात असायचे आणि गुरुजी कामात असायचे. घरी असायच्या त्या एकट्या बाई. दहा ते एक आणि दोन ते पाच, मान खाली घालून टाइपरायटर बडवणारी ही बाई गावाच्या लेखी घरी बसलेली होती.

मी तेव्हा एका वकिलांकडे कारकून होतो. वकिलांचे मसुदे स्वच्छ अक्षरात उतरवायचे, ते तळ्यामागच्या आळीत बाईंकडे नेऊन द्यायचे आणि टाइप झालेले कागद परत आणायचे, हे माझं काम. मराठी राज्य नवं नवं झालं होतं, कागद मराठीत करून घेण्याकडे लोकांचा कल होता, आणि मराठी टाइप करणारं माणूस गावात दुसरं नव्हतं. बाईंचं नाव मी सांगत नाही. गाव त्यांना पाठीमागे ‘टकटक’ म्हणायचं. ते त्यांना माहीत होतं आणि त्याचा त्यांना रागही होता. तसा त्यांना बऱ्याच गोष्टींचा राग होता. त्यातल्या बहुतेक बाबतीत त्यांचंच बरोबर होतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

बाईंचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटी आणि मागे परसू. मागच्या खोलीत चूल आणि त्यांची आई. काचबिंदूने आईची दृष्टी पूर्ण गेलेली होती. पुढच्या खोलीत टेबल, खुर्ची, मशीन आणि कागदांचं कपाट. दोन खोल्यांमध्ये दार होतं, पण दहाच्या ठोक्याला बाई त्या दाराने पुढे येत नसत. इस्त्रीचं लुगडं नेसून, मनगटावर घड्याळ बांधून, पायात चपला घालून त्या परसदाराने बाहेर पडायच्या, घराला वळसा घालायच्या आणि ओटीची पायरी चढून पुढच्या दाराने आत यायच्या. पावसाळ्यात छत्री घेऊन. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. बाईंनी ते पाहिलं.

“काय झालं हसायला?”

“काही नाही. आतल्या दाराने दोन पावलं होती.”

“आतल्या दाराने आले तर आई मला हाक मारील आणि मी ओ देईन. बाहेरून आले की ती समजते, मी गेले. तुम्ही घरून वकिलांकडे जाता तेव्हा तुमची बायको तुम्हाला मागून डाळ निवडायला बोलावते का?”

माझ्या बायकोने मला कधीच डाळ निवडायला बोलावलं नव्हतं, रविवारीसुद्धा.

मुंबईत फोर्टमधल्या एका कंपनीत बाईंनी चौदा वर्षं इंग्रजी टायपिस्ट म्हणून काढली होती. आईचे डोळे गेले आणि गावात तिच्याजवळ राहणारं कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी नोकरी सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर भाषण केलं आणि म्हणाले, आता घरी बसून छान विश्रांती घ्या. हे बाईंनी मला निदान वीस वेळा सांगितलं असेल आणि दर वेळी त्यांचा आवाज तितकाच चढायचा. “चौदा वर्षं ज्याची पत्रं सुधारून दिली, त्याला वाटलं मी विश्रांतीला चाललेय. मी नोकरी सोडली होती. काम सोडलं नव्हतं.”

आणि सोडायच्या आधी त्यांनी जी तयारी केली, तशी तयारी करून धंद्यात उतरलेला पुरुष मी पनवेलमध्ये पाहिला नाही. आठ महिने त्या तयारीत होत्या. इंग्रजी बोटांना मराठी अक्षरं शिकवायची होती. त्यांनी पुठ्ठ्यावर मराठी मशीनच्या कळा रेखाटून घेतल्या आणि दर शनिवारी मुंबईहून आईकडे येताना ठाण्यावरून येणाऱ्या एस्टीत तो पुठ्ठा मांडीवर घेऊन त्यावर बोटं चालवत बसायच्या. शेजारचे प्रवासी सरकून बसायचे. बाईंना वेड लागलंय, ही बातमी बाईंच्या आधी पनवेलला पोचली.

टेबल सुताराकडून करून घेतलं. बसून पाहिलं, सुताराला बोलावून त्याचे पाय दोन बोटं कापायला लावले. पुढच्या रविवारी आणखी अर्धं बोट. सुतार म्हणाला, “बाई, आता खुर्ची उंच करा. टेबल संपत आलं.” बाई म्हणाल्या, “खुर्ची माझ्या पायांच्या मापाने केलीय. टेबल कोपराच्या मापाने व्हायला हवं. मला याच्याशी वीस वर्षं बसायचंय, तुम्हाला एकदाच कापायचंय.” सुताराने कापलं.

मशीन मुंबईत एका मोडीत निघालेल्या ऑफिसातून मिळालं. ते ठाण्यावरून एवढ्या लांब एस्टीत हादरवत आणायला बाई तयार नव्हत्या, म्हणून लाँचने उरणजवळच्या मोरा बंदरात आणायचं ठरलं. सगळा प्रवास ते जड धूड त्यांनी मांडीवर धरलं. मोऱ्याच्या धक्क्यावर हमाल म्हणाला, “बाय, ह्याच्यात काय सोना हाय का?” बाई म्हणाल्या, “यात माझं ऑफिस आहे. पाय घसरला तर मी बुडाले तरी चालेल, हे बुडता कामा नये.” त्या हमालाने ते मशीन डोक्यावरून उरणच्या एस्टीपर्यंत असं नेलं, की बाई पुढे कितीतरी वर्षं त्याचं कौतुक करत. त्यांच्या कौतुकाच्या यादीत पुरुष फार थोडे होते. त्यात तो एक.

मशीन आलं तरी काम लगेच घेतलं नाही. आधी एक आठवडा तालीम. गिऱ्हाईक एकही नाही, तरी दहाला बाहेरून येऊन बसायचं, जुन्या वर्तमानपत्रातले मजकूर पाचपर्यंत टाइप करायचे. आईलाही तालीम. पहिल्या दिवशी म्हातारीने अकराला आतून विचारलं, “आहेस का गं?” बाईंनी उत्तर दिलं नाही. म्हातारी चाचपडत उठली, परसदाराने बाहेर पडली, भिंतीला हात लावत घराला वळसा घालून ओटीवर आली आणि म्हणाली, “बाई, एक पेलाभर पाणी मिळेल का?” हे सांगताना बाई हसायच्या आणि लगेच डोळे पुसायच्या. त्या दिवसापासून पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी ठेवायचा नियम झाला.

मग ओटीवर पाटी लागली. ‘मराठी व इंग्रजी टंकलेखन. वेळ १० ते १, २ ते ५. रविवारी बाई घरी असतात, काम बंद.’

पाटी वाचून लोक हसले आणि वाचल्यावरही वागायचं तेच वागले. शेजारणीने तर पहिल्याच महिन्यात घराची किल्ली आणून टेबलावर ठेवली. “तुम्ही घरीच असता, माझी पोरं शाळेतून आली की द्या. आणि तेवढ्या कुरडया घातल्यात अंगणात, कावळ्यांवर लक्ष ठेवा.” बाईंनी पाच वाजेपर्यंत काही केलं नाही. पाच वाजता स्वतःच्या वेळात, स्वतःच्या कागदावर एक पत्र टाइप केलं. ‘आपली किल्ली सोबत परत पाठवीत आहे. कामाच्या वेळेत या ठिकाणी किल्ल्या, मुले व कुरडया सांभाळल्या जात नाहीत.’ खाली सही. शेजारीण दोन वर्षं बोलली नाही आणि सगळ्या आळीने शेजारणीची बाजू घेतली. माझ्या घरीसुद्धा. “एवढं काय ते, बसल्या जागेवरून बघायचं होतं,” माझी बायको म्हणाली, आणि मी मान हलवली. त्या मान हलवण्याचा मला आता संताप येतो.

आता त्या दिवसाचं सांगतो.

आमचे वकील वाईट माणूस आहेत असं त्या काळी कोणी म्हटलं असतं, तर मीच भांडलो असतो. मृदू बोलणं, वाचनाचा नाद, देवळाच्या कामाला पुढे. बाईंच्या कामापैकी निम्म्याहून जास्त काम त्यांचं असायचं. एका सकाळी त्यांच्याकडे खाडीकाठच्या एका गावातून दीर-भावजय आले. भावजय विधवा, तिशीची, काळीसावळी, हाताला मिठाने पडलेल्या भेगा. नवरा वर्षापूर्वी गेलेला. मिठागरात त्याचा हिस्सा होता, आणि नव्या कायद्याने तो तिच्याकडे येत होता. दीर आधी दोनदा एकटा येऊन गेला होता. वकिलांनी मसुदा सांगितला, मी लिहून घेतला. ते हक्कसोडपत्र होतं. मिठागरातला आपला सर्व हक्क मी राजीखुशीने दिराच्या नावे सोडत आहे, असं त्या बाईच्या तोंडी घातलेलं. आणि तिला दीर समोरच्या बाकावर बसून सांगत होता, की तुझं नाव लावायचं आहे, त्याचा कागद होतोय. मी ते ऐकलं. वकिलांनीही ऐकलं. ते चष्मा पुसत राहिले.

कागद त्याच दुपारी नोंदवायचा होता. वकील मला म्हणाले, “या दोघांना घेऊनच जा बाईंकडे. टाइप झाला की परस्पर कचेरीत.”

इथे बाईंची एक सवय सांगायला हवी. मसुदा टाइप करण्याआधी त्या तो एकदा मोठ्याने वाचायच्या आणि टाइप झाल्यावर पुन्हा वाचायच्या, आतल्या दाराकडे तोंड करून. आत आई ऐकायची. म्हातारीचं ऐकणं आणि स्मरण असं होतं, की एखादी ओळ सुटली तर आतून आवाज यायचा, “चतुःसीमेतली पूर्व राहिली.” कामाच्या वेळेत आईने बोलायचं ते एवढंच. वकिलांना हे ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी त्या दिवशी चालत जाताना ते माझ्या लक्षात कसं आलं नाही, की आलं होतं आणि मी मुद्दाम गप्प राहिलो, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दोघं ओटीवर बसली. मी दारात उभा. बाईंनी मसुदा घेतला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या ओळीला ओटीवरून आवाज आला.

“बाय, ह्ये काय वाचलास तू? माजा हक नाय, असा हाय त्याच्यात?”

बाई थांबल्या. दीर म्हणाला, “वैनी, तुला काय कलतंय त्यातला? वकिलांनी केलंय, बराबर हाय. अंगठा दे नि चल.”

“मिठागराला माजा नाव लावाचा कागद हाय, असा सांगलाय मना,” ती बाईंकडे बघून म्हणाली.

आतून म्हातारी म्हणाली, “पुन्हा वाच गं. सावकाश.”

बाई खुर्ची घेऊन ओटीवर आल्या. त्या विधवेसमोर बसून त्यांनी पहिल्यापासून वाचलं, आणि प्रत्येक ओळ झाली की तिचा अर्थ साध्या बोलीत सांगितला. राजीखुशी म्हणजे काय, सोडत आहे म्हणजे काय, वारसांनाही पुढे मागता येणार नाही म्हणजे काय. ती एकेक ऐकत होती आणि तिचा चेहरा दगडासारखा होत चालला होता. दिराने दोनदा मध्ये तोंड घातलं. दोन्ही वेळा बाईंनी तीच ओळ पुन्हा वाचली.

शेवटी बाईंनी विचारलं, “हे तुम्हाला करायचंय का?”

“नाय.”

“मग मी हे टाइप करणार नाही.”

दीर उठून उभा राहिला. “तुमचा काम टाइप करायचा. करायचा का नाय करायचा, ते वकील ठरवतील.”

“माझं काम मी ठरवते,” बाई म्हणाल्या. “तेवढ्यासाठी तर नोकरी सोडली.” आणि मुद्रांकाचा कोरा कागद आणि मसुदा त्यांनी माझ्या हातात दिला. माझ्याच अक्षरातला मसुदा. माझ्याकडे त्यांनी त्या वेळी पाहिलं, आणि मी पाटीकडे पाहायला लागलो.

ती विधवा तिथून उठली ती दिराबरोबर गेलीच नाही. एकटी चालत एस्टी स्टँडवर गेली आणि माहेरची गाडी पकडली. तिचा भाऊ आला, गावात बैठक बसली, आणि हिस्सा तिच्याच नावावर राहिला. हे मला पुढे कळलं.

त्या दुपारी मी वकिलांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “टायपिस्टने वाचायचं नसतं. बोटं चालवायची असतात.” मग थोड्या वेळाने, “घरी बसून काम करणाऱ्या बाईला गांभीर्य नसतं. घर ते घरच.” आणि त्यांनी बाईंचं काम बंद केलं. बाकीच्या वकिलांना त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण महिन्याभरात त्यांचीही कामं बंद झाली आणि कागद पुन्हा माझ्यासारख्या कारकुनांच्या हाताने होऊ लागले. जिने फसवायला नकार दिला तिला गांभीर्य नव्हतं, आणि फसवणाऱ्याच्या गळ्यात पुढच्या महिन्यात देवळाच्या कार्यक्रमात हार पडला. मी त्या कार्यक्रमात सतरंज्या घालत होतो.

काम बंद झाल्याचा निरोप सांगायला मलाच पाठवलं. मी दहाच्या आधी गेलो. बाई परसात आईची वेणी घालत होत्या. निरोप ऐकून त्या म्हणाल्या, “बरं.” मी तिथेच घुटमळलो. म्हणालो, “माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. मला माफ करा.”

त्यांनी वेणीला गाठ मारली. “माझी कसली माफी मागता? माझं काम गेलं, ते मी बघेन. जिची माफी मागायची तिचं गाव तुम्हाला माहीत आहे. मसुद्यात पत्ता तुम्हीच लिहिलात.”

बाईंनी पुन्हा पहिल्यापासून तयारी केली. काम नसलेले ते सहा महिने त्या रोज दहाला बाहेरून येऊन बसत होत्या. येणारी-जाणारी माणसं खिडकीतून बघायची, कोरा कागद मशीनवर आणि बाई जुन्या वर्तमानपत्रातून टाइप करताहेत. आळीत म्हणायचे, आता पुरतंच डोकं फिरलं. पाटीवर एक ओळ तेवढी वाढली होती. ‘सही करणाऱ्यास कागद आधी वाचून दाखविला जाईल.’

आणि मग माणसं यायला लागली. आधी त्या विधवेच्या गावची दोघं, मग शेजारच्या गावची, मग उरणकडच्या कोळणी टोपली ओटीखाली ठेवून. कोणी सावकाराचा कागद घेऊन, कोणी सोसायटीचा, कोणी मुलाच्या नोकरीचा. ‘वाचनारी बाय कुठं ऱ्हाते,’ असं विचारत ती एस्टी स्टँडवरून यायची. त्यातल्या निम्म्यांना टाइप काहीच करायचं नसायचं, फक्त ऐकायचं असायचं. बाई त्यांनाही वेळ द्यायच्या, पण दहा ते पाचमध्येच. साडेनऊला आलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी अर्धा तास ओटीवर बसवून ठेवल्याचं मी पाहिलं आहे. अर्ध्या तासाने घराला वळसा घालून त्या आल्या आणि त्याला म्हणाल्या, “या. आता उघडलं.” हा हट्टीपणा होता, मला तो तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. म्हातारा मात्र तक्रार न करता बसला होता.

मी हे पाहत होतो, कारण मी अधूनमधून त्या आळीतून जायचो. ओटीवर न जाता समोरच्या कोपऱ्यावर थोडा थांबायचो आणि पुढे निघायचो. वकिलांची नोकरी मी त्यानंतर चार वर्षं केली. घर होतं, मुलं होती, ही कारणं मी स्वतःला सांगितली. बाईंनाही घर होतं आणि आंधळी आई होती.

चार वर्षांनी नोकरी सोडली तेव्हा मी त्या गावी गेलो. मिठाचा हंगाम होता. बांधावरून चालत गेलो तर ती वाफ्यात उभी राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होती. माझ्याकडे बघून ती थांबली.

“तू वकिलाचा मानूस नं? आता कनचा कागद आनलास?”

“कागद नाही,” मी म्हणालो, आणि रिकामे हात पुढे केले. तिने हातातली फळी खाली ठेवली नाही. मी वाटभर जुळवलेलं सगळं विसरलो आणि एवढंच बोललो, “त्या दिवशी कागदात काय लिहिलंय ते मला माहीत होतं.”

“मना तवाच कललेला,” ती म्हणाली. “ओटीवर सगली माज्याकडं बगत व्हती. तू येकटा बगत नवतास.”

एवढं बोलून ती पुन्हा मीठ ओढायला लागली. मी बांधावर बराच वेळ उभा होतो. या वेळी मी तिच्याकडे बघत होतो, पण तिने मान वर केली नाही.